ऑफिसच्या जातीचा लॅपटॉप घरासाठी घ्यावा का?



गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या टेबलाशी एक विषय निघाला आणि हॉल बंद करायची वेळ झाली तरी संपेना. आपल्या एका सभासदाची नोकरी त्याच महिन्यात गेली होती. सकाळी दहाला मीटिंग, अकराला बॅज आणि लॅपटॉप परत. नोकरीचे त्याने मनावर घेतले नाही, पण त्या लॅपटॉपवर सोलापूरला असलेल्या आईचे सगळे रिपोर्ट, मुलीच्या बारशाचे फोटो आणि नागरिकत्वाच्या अर्जासाठी वर्षभर जमवलेली कागदपत्रे होती. दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा उत्तर मिळाले की यंत्र पुसून झाले. कंपनीची चूक काहीच नव्हती. यंत्र तिचेच होते.

घरात दोघेही संगणकाच्या कामात, इंग्लंडात येऊन बारा वर्षे झालेली, आणि स्वतःच्या मालकीचा एकही संगणक नाही! आम्ही हसलो खरे, पण तिथे उभ्या असलेल्यांपैकी निम्म्या घरांत हीच परिस्थिती निघाली. मग ओघानेच प्रश्न आला की घरासाठी घ्यायचा तर कोणता घ्यावा? एका गटाचे म्हणणे, दुकानातला नवा चकचकीत घ्यावा. दुसऱ्याचे म्हणणे, ऑफिसात वापरतो त्याच जातीचा, पण वापरलेला घ्यावा. आपल्या शनिवारच्या मराठी शाळेसाठी आम्ही काही वर्षांपूर्वी असे पाच लॅपटॉप घेतले होते, आणि सभासदांच्या घरचे आणखी काही आमच्या हातून गेले आहेत. त्यामुळे हा लेख लिहायचे काम आमच्याकडे आले.

ऑफिसची जात म्हणजे काय

लॅपटॉप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांची दोन वेगळी घराणी असतात. एक दुकानातल्या गिऱ्हाइकासाठी आणि दुसरे कंपन्यांना शेकड्याने विकण्यासाठी. लेनोवोचे थिंकपॅड, एचपीचे एलिटबुक आणि डेलचे लॅटिट्यूड ही दुसऱ्या घराण्यातली ठळक नावे. (डेलने जानेवारी २०२५ मध्ये लॅटिट्यूड हे नाव बंद करून 'डेल प्रो' सुरू केले, पण वापरलेल्या बाजारात जुने नावच दिसेल.) कंपन्या हे लॅपटॉप बहुधा तीन-चार वर्षांच्या कराराने घेतात. मुदत संपली की सगळी खेप एकदम बाहेर पडते, व्यापारी ती विकत घेतात, साफसूफ करतात आणि विकतात. म्हणून मूळ हजार पौंडांच्या वरचे यंत्र त्याच्या लहानशा हिश्श्यात मिळते. चोरीचा माल असेल अशी शंका पुष्कळांना येते, पण स्वस्ताईचे कारण बहुतेक वेळा इतकेच साधे असते.

आमच्या शाळेत थिंकपॅड आहेत, तेव्हा उदाहरणे त्याचीच जास्त येतील. या घराण्याचा पहिला गाजलेला लॅपटॉप ७००सी. तो आयबीएमने ऑक्टोबर १९९२ मध्ये आणला. काळ्या चौकोनी डब्याचे रूप रिचर्ड सॅपर या जर्मन आरेखकाचे, आणि तंत्राची बाजू जपानमधल्या यामातो इथल्या प्रयोगशाळेत अरिमासा नायतो यांनी सांभाळली. की-बोर्डच्या मधोमध जी आणि एचच्या जवळ कुंकवाच्या टिकलीएवढा लाल ठिपका असतो, तो बोटाने ढकलला की बाण हलतो. हा ठिपका काहींना इतका आवडतो की ते दुसरा लॅपटॉप घेतच नाहीत. उरलेल्यांना तो कशासाठी आहे हेच कळत नाही. मे २००५ मध्ये आयबीएमचा हा सगळा विभाग लेनोवोकडे गेला. "तेव्हापासून ती मजा राहिली नाही" असे म्हणणारे काका प्रत्येक मंडळात एक तरी असतातच.

लेनोवोच्या नावाने २०१५ मध्ये सुपरफिशचा गवगवा झाला होता, तोही इथे सांगून टाकू. लॅपटॉपमध्ये आधीपासून भरलेला तो जाहिरातींचा प्रोग्राम सुरक्षित संकेतस्थळांच्या मधे घुसत असे. तो कंपनीच्या दुकानी लॅपटॉपवर होता, थिंकपॅडवर नव्हता. दोन घराण्यांतला फरक यावरूनही कळतो, कारण कंपन्यांना विकायच्या यंत्रात असा आगंतुक चालत नाही.

जमेची बाजू

पहिली गोष्ट की-बोर्ड. तासन् तास टंकायचे असेल तर याला तोड नाही. थिंकपॅडच्या टी मालिकेत की-बोर्डखाली पाणी वाहून जायला मार्ग दिलेला असतो. आमच्या शाळेत एका पालकांचा चहा एका यंत्रावर सांडला. अर्धा कप. लगेच बंद केला, बॅटरी काढली, उलटा करून दोन दिवस ठेवला आणि तो आजही चालू आहे. (हा प्रयोग मुद्दाम करू नये. मार्ग पाण्यासाठी आहे, चहातली साखर आतच राहते.)

पण खरी जमा दुरुस्तीची आहे. थिंकपॅडची दुरुस्तीची पुस्तिका लेनोवो स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट देते. कोणता स्क्रू कुठला, कोणता भाग आधी काढायचा, हे सगळे चित्रांसह असते. प्रत्येक सुट्या भागाला क्रमांक असतो, आणि तो टाकून शोधले की भाग सापडतो. एचपीचेही तसेच आहे. ज्यांनी आयुष्यात पेचकस धरला नाही अशा आपल्या एका मावशींनी पुस्तिका शेजारी उघडी ठेवून डिस्क बदलली.

२०१८ चा टी४८० हे या बाबतीत अजून नाव काढण्यासारखे यंत्र आहे. त्यात मेमरीच्या दोन खाचा आहेत, त्यामुळे ८ जीबीचे १६ करणे म्हणजे दहा मिनिटांचे काम. बॅटऱ्या दोन आहेत. एक आत २४ वॉट-अवरची, दुसरी मागून काढता येणारी, २४, ४८ किंवा ७२ वॉट-अवरची. मागची बॅटरी लॅपटॉप बंद न करता बदलता येते. टी मालिकेत ही सोय असलेली ती शेवटची पिढी. २०१९ च्या टी४९० पासून बॅटरी आत गेली आणि मेमरीचा एक भाग बोर्डावरच डकवलेला येऊ लागला. टी१४एस आणि एक्स१ कार्बन यांत तर सगळी मेमरी डकवलेली असते, म्हणजे घेताना जेवढी असेल तेवढीच जन्मभर. पातळ आणि हलके हवे तर ही किंमत मोजावी लागते. २०२४ च्या टी१४ च्या पाचव्या पिढीत मात्र दोन्ही खाचा परत आल्या. त्याच जुन्या पिढीतले एचपीचे एलिटबुक ८४० जी५ आणि डेलचे लॅटिट्यूड ७४९० यांतही दोन खाचा आहेत, तेव्हा थिंकपॅडचाच हट्ट धरायचे कारण नाही. टिकलीचे वेड असेल तर गोष्ट वेगळी.

उघडण्यापूर्वी एक सूचना. टी४८० मध्ये मागची बॅटरी काढली तरी आतली जोडलेलीच असते. आधी बायोसमध्ये जाऊन ती 'डिसेबल' करायची, मगच तळ उघडायचा. ही पायरी गाळून बोर्ड जाळून घेतलेली माणसे आहेत.

खटकणाऱ्या गोष्टी

हे लॅपटॉप खरेदी-विभागाने पसंत केलेले असतात, घरच्यांनी नव्हे. हे सगळ्यात जास्त पडद्यावर दिसते. एकाच नावाखाली वेगवेगळे पडदे येतात. टी४८० चा सर्वात स्वस्त पडदा १३६६ बाय ७६८ चा होता, आणि कोन बदलला की त्याचे रंग फिकट होतात. १९२० बाय १०८० चा आयपीएस पडदा त्यापेक्षा पुष्कळ बरा. जाहिरातीत नुसते 'टी४८०' लिहिलेले असेल तर पडदा विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. काही एलिटबुकमध्ये शेजारच्याला दिसू नये म्हणून 'शुअर व्ह्यू' नावाचा पडदा असतो. विमानात उत्तम, पण घरी सोफ्यावर चौघांनी मिळून सिनेमा बघायचा तर कडेच्या दोघांना काळोख.

कॅमेरा ही दुसरी गोष्ट. पुण्याच्या आजी-आजोबांशी रविवारचे बोलणे हाच घरच्या लॅपटॉपचा मोठा उपयोग, आणि २०१८-१९ च्या बहुतेक ऑफिसी लॅपटॉपना ७२० पीचा साधा कॅमेरा असतो. उजेड कमी असला की चित्र दाणेदार होते. स्पीकर बारीक आवाजाचे. आजोबांना ऐकू कमी येत असेल तर त्यांच्या बाजूला वेगळा स्पीकर लावावा. इथे दुकानी लॅपटॉप बाजी मारतो हे मान्य करायला हवे. मुलांच्या खेळांसाठीही हे यंत्र नव्हे, त्यात वेगळे ग्राफिक कार्ड बहुधा नसतेच. मुलाला "अभ्यासासाठी" हवा असेल आणि थिंकपॅड म्हटल्यावर तोंड वाकडे झाले, तर अभ्यास कसला ते समजून घ्यावे.

तिसरी गोष्ट वाचकांना सहसा कळत नाही. थंडरबोल्ट असलेल्या २०१७ ते २०१९ च्या अनेक थिंकपॅडमध्ये त्या खाचेच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये दोष होता. त्यामुळे यूएसबी-सीची खाच काम करेनाशी होते, कधी चार्जिंगसुद्धा बंद पडते. लेनोवोने त्यावर दुरुस्ती दिली आहे. म्हणून यंत्र घरी आले की पहिल्या दिवशी 'लेनोवो व्हँटेज' हा प्रोग्राम चालवून सगळ्या दुरुस्त्या चढवाव्यात. त्यातच बॅटरी किती झिजली आहे तेही दिसते. सतत वायर लावून वापरणार असाल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोयही त्यातच आहे. बॅटरीचे आयुष्य वाढते.

प्रोसेसरच्या पिढीचे गणित

विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्या. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो (आधीचे मोजके अपवाद सोडा). त्यामुळे बाजारात आता एक रेघ ओढली गेली आहे. टी४७० आणि त्याआधीची यंत्रे फार स्वस्त झाली आहेत, आणि ती का स्वस्त आहेत हे विक्रेता सांगेलच असे नाही. प्रोसेसरचा क्रमांक बघावा. आय५ नंतर ८ ने सुरू होणारा चार आकडी क्रमांक, उदाहरणार्थ ८२५० किंवा ८३५०, म्हणजे आठवी पिढी. ६ किंवा ७ ने सुरू झाला तर ते यंत्र लिनक्स चालवणाऱ्यांसाठी ठीक, बँकेचे काम करणाऱ्या घरासाठी नको. आठवी पिढीही आता जुनीच आहे. आणखी सात-आठ वर्षे चालावे अशी अपेक्षा असेल तर थोडे जास्त पैसे घालून अकरावी किंवा बारावी पिढी घ्यावी, असे आमचे मत झाले आहे.

कुलूप कोणाच्या हातात

आता मूळ मुद्द्याकडे. ऑफिसच्या जातीच्या लॅपटॉपला कंपनीने बाहेरून कुलूप लावायची सोय असते, आणि यंत्र विकले गेले तरी ते कुलूप कधीकधी तसेच राहते.

आमच्या एका सभासदाने वापरलेला लॅपटॉप घेतला. व्यापाऱ्याने विंडोज नवे घालून दिले होते, सगळे छान चालले. चार महिन्यांनी मुलाने काहीतरी गोंधळ केला म्हणून त्यांनी तो 'रीसेट' केला. इंटरनेट जोडल्याबरोबर पडद्यावर एका अनोळखी कंपनीचे नाव आले आणि तिथल्या कर्मचाऱ्याचा पासवर्ड मागू लागले. याला विंडोज ऑटोपायलट म्हणतात. यंत्राची ओळख त्या कंपनीच्या यादीत नोंदलेली असते, आणि ती नोंद कंपनीनेच (किंवा तिच्या वतीने) काढावी लागते. डिस्क बदलून, विंडोज पुन्हा घालून काही होत नाही. व्यापाऱ्याला आधी विषयच कळेना. शेवटी पैसे परत मिळाले, पण पाच आठवडे आणि बऱ्याच ई-मेलनंतर.

तेव्हापासून आम्ही एकच पद्धत पाळतो. यंत्र घरी आले की त्यावर काहीही ठेवण्याआधी ते पूर्ण रीसेट करायचे, आणि पहिल्या मांडणीतच घरच्या वाय-फायला जोडायचे. कंपनीचे नाव आले तर त्याच दिवशी परत. नाही आले तर पुढे जायचे. दुसरे म्हणजे सुरू करताना बायोसमध्ये जाऊन बघायचे. तिथे सुपरवायझर पासवर्ड मागितला आणि विक्रेत्याला तो माहीत नसेल तर घेऊ नये. थिंकपॅडवर हा पासवर्ड विसरला तर लेनोवोचे अधिकृत उत्तर एकच आहे, मुख्य बोर्ड बदला. बायोसमध्येच 'ॲब्सोल्यूट' किंवा 'कॉम्प्युट्रेस' नावाची चोरी-शोधाची सोय असते. ती चालू दिसली तर विक्रेत्याला विचारावे.

याच्या उलट, विंडोजच्या परवान्याची काळजी बहुधा करावी लागत नाही. मूळ यंत्र विंडोज प्रोसह विकलेले असेल तर परवाना बोर्डाशी बांधलेला असतो, नवे विंडोज घातले की ते आपोआप ओळखले जाते.

इथला कायदा

व्यापाऱ्याकडून घेतलेल्या वस्तूला, वापरलेली असली तरी, २०१५ चा कन्झ्युमर राइट्स ॲक्ट लागू होतो. दोष निघाला तर पहिल्या तीस दिवसांत वस्तू नाकारून पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतर विक्रेत्याला दुरुस्तीची किंवा बदलून द्यायची एक संधी द्यावी लागते, आणि सहा महिन्यांपर्यंत दोष मुळातच होता असे धरले जाते. सभासदाचे पैसे याच बळावर परत आले. ऑनलाइन घेतले तर आल्या दिवसापासून चौदा दिवसांत कारण न देता खरेदी रद्द करता येते. खासगी माणसाकडून घेतले तर यातले जवळजवळ काहीच मिळत नाही. वस्तू वर्णनाप्रमाणे हवी, एवढेच. १०० पौंडांच्या वरची वस्तू थेट व्यापाऱ्याकडून क्रेडिट कार्डावर घेतली तर कार्ड देणारी बँकही जबाबदार धरता येते.

स्वतःची लिमिटेड कंपनी असलेल्यांनी ध्यानात ठेवावे की कंपनीच्या नावाने घेतले तर ग्राहकाचे हे हक्क लागू नाहीत. शिवाय पुष्कळ व्यापारी वापरलेला माल मार्जिन स्कीमखाली विकतात, तिथे व्हॅट परत मागता येत नाही. अशांना नवे यंत्र आणि जागेवर येऊन दुरुस्ती करणारी तीन वर्षांची वॉरंटी हेच शेवटी सोयीचे पडते, कारण बंद पडलेला एक दिवस म्हणजे बुडालेली एका दिवसाची कमाई. वॉरंटी कुठवर आहे ते लेनोवोच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक टाकून कुणालाही बघता येते. वापरलेले घेतानाही हे करावे, कधीकधी वर्षभर शिल्लक निघते.

मराठी टंकायचे आणि भारतात न्यायचे

इंग्रजी यूके की-बोर्ड असो वा अमेरिकन, मराठीला फरक पडत नाही. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट पूर्वीपासून आहे, आणि २०१९ पासून मराठी फोनेटिकही आले आहे. त्यात रोमन अक्षरांत लिहिले की देवनागरी उमटते. शाळेत मुलांना आम्ही इनस्क्रिप्टच शिकवतो, पालक मात्र चोरून फोनेटिक वापरतात.

आई-वडिलांसाठी भारतात न्यायचा असेल तर अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रवाशाला एक लॅपटॉप जकातीशिवाय नेता येतो. मुलांच्या नावावर दुसरा चालत नाही. अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, फक्त भिंतीपासूनची वायर तिथली घ्यायची. सुटी बॅटरी हातातल्या सामानातच ठेवावी. ७२ वॉट-अवरची बॅटरी विमान कंपन्यांच्या १०० च्या मर्यादेत बसते. आणि इथून निघण्यापूर्वी सगळे रीसेट, दुरुस्त्या, मराठी की-बोर्ड, व्हिडिओ कॉलचे खाते पूर्ण करून न्यावे. कोथरूडला पोचल्यावर करू म्हटले की पहिले चार दिवस पाहुण्यांत जातात आणि शेवटचा दिवस उजाडतो.

सुरुवातीला सांगितलेल्या सभासदाने अकराव्या पिढीचा एक टी१४ घेतला. नवी नोकरी लागली, तिथलाही लॅपटॉप मिळाला, त्यावर आता फक्त ऑफिसचे काम. घरची कागदपत्रे घरच्या यंत्रावर, आणि त्यांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, जी कपाटात असते. आईचे रिपोर्ट सोलापूरहून पुन्हा मागवले. बारशाचे फोटो काकूंच्या फोनमधून निम्मे मिळाले.